खूण म्हणजे निदान नव्हे

फेब्रुवारी २००८ मध्ये ‘क्लिनिकल कॅन्सर रिसर्च’ या नियतकालिकात अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. स्त्रीच्या रक्तातील सहा द्रव्ये एकत्र मोजली तर बीजांडकोशाचा कर्करोग लवकर ओळखता येतो, असा त्याचा दावा होता. या सहांत एक होते इन्सुलिनसदृश वाढकारक-२, म्हणजे पेशींना वाढण्याचा निरोप देणारे एक प्रथिन. बाकीची लेप्टिन, प्रोलॅक्टिन, ऑस्टिओपोंटिन, एमआयएफ आणि या क्षेत्रात सर्वांना ठाऊक असलेले सीए-१२५. त्याच वर्षी जूनमध्ये ‘ओव्हाशुअर’ या नावाने ही तपासणी अमेरिकेत विक्रीला आली. तेथील अन्न व औषध प्रशासनाने इशारा दिल्यावर ऑक्टोबरमध्ये ती मागे घ्यावी लागली. म्हणजे बाजारातले तिचे आयुष्य अवघे चार महिन्यांचे.

या निबंधाबद्दल मराठीत, तेही साहित्याच्या दिवाळी अंकात, कशासाठी लिहायचे, असे कोणी विचारील. मी डॉक्टर नाही, प्रयोगशाळेतही कधी काम केलेले नाही. या विषयावरचे जे काही वाचले ते कोश जवळ घेऊन, हळूहळू. पण वाचता वाचता एक गोष्ट पक्की होत गेली. ओव्हाशुअरचे जे झाले त्यात रसायनशास्त्राचा दोष थोडा आणि वाचनाचा मोठा होता. मजकूर कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो आहे आणि आपण ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर समजून घेतो आहोत, हे तपासणे समीक्षेचेच काम आहे. कवितेच्या बाबतीत हे चुकले तर फार तर वाद होतो. इथे चुकले तर एखाद्या बाईचे पोट विनाकारण उघडले जाते.

भारतात स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या खालोखाल बीजांडकोशाचा क्रमांक लागतो. वर्षाला चाळीस हजारांहून अधिक स्त्रियांना तो होतो असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. बहुतेकींचा आजार हाती लागतो तेव्हा तो पोटभर पसरलेला असतो. त्यामुळे तो लवकर ओळखणारी खूण शोधण्याची धडपड समजण्याजोगी आणि आदरणीय आहे. माझा आक्षेप त्या धडपडीला नाही. खूण सापडल्याच्या आनंदात ‘खूण’ आणि ‘निदान’ हे दोन शब्द एकमेकांच्या जागी बसवले जातात, त्याला आहे.

वाढ या शब्दाचे दोन अर्थ

मराठी माणसाला वाढ या शब्दाची दुसरी बाजू कोणी शिकवावी लागत नाही. बांगडी फुटली तर ती ‘वाढली’ म्हणतात, मंगळसूत्र तुटले तर ते ‘वाढवले’ म्हणतात आणि नारळ तर आपण वाढवतोच. ज्या क्रियापदाने ताटात अन्न पडते त्याच क्रियापदाने मोडतोड झाकली जाते. अशुभ बोलू नये म्हणून ही सोय झाली असेल, पण शरीरशास्त्राच्या दृष्टीने तिच्यात मोठे तथ्य आहे. जी द्रव्ये जखम भरतात, गर्भ पोसतात, लेकराची उंची वाढवतात, तीच गाठही पोसतात.

ही द्रव्ये विज्ञानाला भेटली तीही निरागस रूपात. रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांनी चेतातंतूंना वाढवणारे द्रव्य शोधले. त्यांचे सहकारी स्टॅन्ली कोहेन यांनी उंदरांच्या लाळग्रंथींतून काढलेला अर्क नवजात पिलांना टोचला, तेव्हा पिलांचे डोळे नेहमीपेक्षा काही दिवस लवकर उघडले आणि दातही लवकर आले. त्या अर्कातले द्रव्य म्हणजे त्वचेच्या पेशींना वाढवणारा घटक. दोघांना १९८६ मध्ये नोबेल पुरस्कार मिळाला. याच घटकाशी नाते असलेला ‘हर-२’ नावाचा ग्राहक काही स्तनांच्या आणि बीजांडकोशांच्या गाठींत प्रमाणाबाहेर वाढलेला असतो, हे डेनिस स्लॅमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दाखवले. पिलांचे डोळे उघडणारी वाट आणि गाठ फोफावण्याची वाट एकाच वस्तीतून जाते, असे म्हणायला हरकत नाही.

या इतिहासाला एक मराठी धागाही आहे. पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे मुंबईत वसंत खानोलकरांच्या हाताखाली तयार झाल्या आणि पुढे बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे शरीराबाहेर पेशी जगवण्याचे तंत्र शिकल्या. परतल्यावर त्यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊती-संवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. काचेच्या भांड्यात पेशी जगवायची तर तिला नुसते मीठपाणी आणि साखर पुरत नाही. रक्तद्रव किंवा गर्भाचा अर्क घालावा लागतो, कारण वाढीचा निरोप त्यात असतो. वाढकारक द्रव्यांचे सगळे शास्त्र या साध्या अनुभवाशी जोडलेले आहे: पेशी उपाशी नसली तरी कोणी ‘वाढ’ म्हटल्याशिवाय सहसा वाढत नाही. कर्कपेशीचे वेगळेपण असे की ती हा निरोप स्वतःच तयार करते, किंवा निरोप न येताच आल्यासारखी वागते.

बीजांडकोशाच्या कर्करोगात यांतले एक द्रव्य फार महत्त्वाचे ठरले. १९८३ मध्ये डोनाल्ड सेंगर आणि हॅरॉल्ड ड्व्होरॅक यांच्या गटाने गिनीपिगच्या गाठींतून आणि त्यांच्या पोटात साचलेल्या पाण्यातून एक प्रथिन वेगळे केले. ते रक्तवाहिन्यांना पाझरायला लावत होते. पुढे १९८९ मध्ये नेपोलिऑन फेरारा यांनी वाहिन्यांची वाढ घडवणारा घटक वेगळा केला आणि दोन्ही एकच असल्याचे निघाले. आज त्याला व्हीईजीएफ म्हणतात. या रोगात पोट फुगते, पाण्याने तटतटते. आयुर्वेदाने ज्याला जलोदर म्हटले त्याच्या अनेक कारणांपैकी हे एक. गाठ नव्या रक्तवाहिन्या मागते, त्या घाईघाईने तयार होतात, गळक्या असतात आणि पोटात पाणी साचते. म्हणजे इथे वाढकारक द्रव्य नुसते साक्षीदार नसते, प्रत्यक्ष कृतीत सामील असते.

असे असेल तर रक्तातले व्हीईजीएफ मोजावे आणि रोग ओळखावा, हे सरळ दिसते. अडचण इथेच सुरू होते. हे द्रव्य परके नाही. दर महिन्याला बीज बाहेर पडल्यावर जो पिवळा पिंड तयार होतो, त्याला रक्तपुरवठा याच द्रव्याच्या बळावर मिळतो. जखम भरताना ते वाढते. वंध्यत्वावरच्या उपचारात बीजांडकोश फार उत्तेजित झाले तर पोटात पाणी साचते, त्यामागेही हेच असते. शिवाय ते रक्तातल्या बिंबाणूंत साठवलेले असते. रक्त गोठले की बिंबाणू ते सोडतात. म्हणून गोठू दिलेल्या रक्ताच्या द्रवात त्याचा आकडा बराच मोठा येतो आणि न गोठवलेल्या रक्ताच्या द्रवात लहान. बाई तीच, रोग तोच, नळी बदलली की आकडा बदलला.

इन्सुलिनसदृश वाढकारक-२ ची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. येलच्या त्याच गटाच्या २००५ च्या निबंधात कर्करुग्ण स्त्रियांच्या रक्तात हे वाढीचे द्रव्य निरोगी स्त्रियांपेक्षा कमी आढळले होते. गाठ वाढते आहे आणि रक्तातले वाढीचे द्रव्य उतरते आहे. नावावरून अर्थ लावणाऱ्या वाचकाला इथे थांबावेच लागते.

एकशे पंचविसावी खूण

आता सीए-१२५ कडे येऊ. कारण खूण आणि निदान यांची गल्लत जिथून सुरू झाली ते ठिकाण हेच.

रॉबर्ट बास्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये बीजांडकोशाच्या कर्कपेशींना चिकटणारे एक प्रतिद्रव्य तयार केल्याचे जाहीर केले. अनेक पेशीवंश चाळल्यावर १२५ व्या क्रमांकाचा कामाचा निघाला, तोच क्रमांक नावात राहिला. १९८३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये त्यांचा दुसरा निबंध आला. त्यात ३५ एकक ही मर्यादा धरली होती. रोग सिद्ध झालेल्या १०१ स्त्रियांपैकी ८२ टक्के जणींचा आकडा तिच्या वर होता. ८८८ निरोगी व्यक्तींपैकी फक्त एक टक्का वर होते. शिवाय उपचार चालू असलेल्या स्त्रियांत आकड्याची चढउतार आणि रोगाची चढउतार ४५ पैकी ४२ वेळा जुळली.

या निबंधाचे शीर्षक लक्षपूर्वक वाचण्यासारखे आहे. रोगाच्या वाटचालीवर नजर ठेवण्यासाठी वापरायची चाचणी, असा त्याचा रोख आहे. रोग शोधण्याचा उल्लेख शीर्षकात नाही. लेखकांनी प्रश्न विचारला होता तो असा: हिला हा रोग आहे हे आम्हांला ठाऊक आहे, आता तो हटतो आहे की बळावतो आहे? या प्रश्नाला सीए-१२५ ने उत्तम उत्तर दिले आणि आजही देते. पण ३५ हा आकडा त्या प्रश्नापासून सुटा झाला आणि छापील रिपोर्टच्या उजव्या रकान्यात जाऊन बसला. आज शहरांतल्या काही तपासणी-पॅकेजांत तो साखर आणि थायरॉइडच्या शेजारी निरोगी बाईच्या हाती पडतो.

पाळीच्या दिवसांत हा आकडा वाढू शकतो. गरोदरपणात, गर्भाशयातल्या साध्या गाठींत, एंडोमेट्रिओसिसमध्ये, यकृत निबर झाल्यावरही वाढतो. पोटाच्या आतल्या पडद्याला कशानेही त्रास झाला की तो वाढतो. उलट, रोग पहिल्या टप्प्यात असताना जवळपास निम्म्या स्त्रियांत तो वाढलेलाच नसतो. म्हणजे जिथे त्याची खरी गरज तिथे निम्म्या वेळा तो गप्प.

नव्याण्णव टक्क्यांचा हिशेब

ओव्हाशुअरच्या निबंधात हीच उणीव भरून काढण्याचा प्रयत्न होता. एक खूण पुरत नाही तर सहा घेऊ. ३६२ निरोगी स्त्रिया आणि १५६ नव्याने निदान झालेल्या रुग्ण स्त्रिया यांच्या रक्तावर ही रीत बसवली आणि तपासली. निकाल असा: रोग असलेल्या शंभरांतल्या ९५.३ जणी पकडल्या जातात, रोग नसलेल्या शंभरांतल्या ९९.४ जणी बरोबर सोडल्या जातात. आणि पुढे, तपासणी ‘आहे’ म्हणाली तर ती खरी असण्याची शक्यता ९९.३ टक्के.

हा शेवटचा आकडा मी कागदावर मांडून पाहिला. तपासलेल्या स्त्रियांपैकी जवळपास निम्म्या जणींना कर्करोग आहे असे धरले तरच तो निघतो. आता खरे जग घेऊ. अमेरिकेतील पन्नाशीपुढच्या स्त्रियांसाठी या चर्चेत अडीच हजारांत एक असे प्रमाण धरतात. आपल्याकडे हा रोग त्याहून विरळ आहे. तरी तेच प्रमाण घेऊ. जालना जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या साडेएकोणीस लाखांवर होती. त्यांतल्या अडीच लाख स्त्रियांचे रक्त घेतले असे समजा. रोग असेल शंभर जणींना. तपासणी त्यांतल्या पंचाण्णव पकडील. उरलेल्या २,४९,९०० निरोगी स्त्रियांपैकी ०.६ टक्के, म्हणजे सुमारे पंधराशे जणींनाही ती ‘आहे’ म्हणेल. एकूण १,५९५ घाबरलेल्या बायका आणि त्यांतल्या खऱ्या रुग्ण ९५. म्हणजे शंभरातल्या सहा. नव्याण्णव आणि सहा यांच्यातले अंतर कोणत्याही यंत्राने पाडलेले नाही. कोणत्या घोळक्यात उभे राहून मोजायचे, या एका गृहीतकाने पाडले आहे.

आमच्या गावाच्या नावातच कुंभार आहे, म्हणून त्याच्याच अंगणातले उदाहरण देतो. मडके वाजवून घ्यावे हे शहाणपण खरे. पण अर्धी तडकलेली आणि अर्धी धड अशी मडकी मुद्दाम मांडून कान तयार केला, तर त्या कानाची किंमत त्याच ढिगापुरती असते. अडीच हजार धड मडक्यांत एक तडकलेले असेल, तर तोच कान दिवसभरात पंधरा धड मडकी बाजूला काढील.

दुसरा प्रश्न रक्त कधी घेतले याचा. शस्त्रक्रियेच्या वेळी घेतलेले रक्त आणि एरवी चालत्या-बोलत्या बाईचे घेतलेले रक्त यांत काही खुणांचे आकडे वेगळे येतात, हे २००७ मध्येच दाखवले गेले होते. प्रोलॅक्टिन तर भीतीने आणि भुलीने चढते हे जुने ज्ञान आहे. ऑपरेशनच्या दारात बसलेल्या रुग्ण बाईची तुलना तपासणीला सहज आलेल्या निरोगी बाईशी केली, तर यंत्र गाठ मोजते आहे की धास्ती, हे सांगणे कठीण होते. रक्त कुणाचे आणि कोणत्या घडीचे, ही माहिती अशा निबंधांत साहित्य व पद्धती या विभागात बारीक अक्षरांत असते. मी आता वाचायला तिथूनच सुरुवात करतो. कथेत निवेदक कोण हे आधी पाहावे, तसेच हे.

लवकर कळले, मग पुढे काय?

समजा, खूण निर्दोष आहे. तरी एक प्रश्न उरतो आणि तो सर्वांत कठीण आहे. लवकर कळल्याने बाई जास्त जगते का?

याचे उत्तर दोन प्रचंड अभ्यासांनी दिले. अमेरिकेतील पीएलसीओ या अभ्यासात ५५ ते ७४ वयाच्या ७८,२१६ स्त्रिया होत्या. निम्म्यांची सीए-१२५ आणि सोनोग्राफीने दरवर्षी तपासणी झाली. २०११ मध्ये निकाल आला. तपासणीच्या गटात या कर्करोगाने ११८ मृत्यू, दुसऱ्या गटात १००. खोटी धोक्याची घंटा ३,२८५ जणींच्या बाबतीत वाजली, त्यांतल्या १,०८० जणींची शस्त्रक्रिया झाली आणि १६३ जणींना त्यातून किमान एक गंभीर गुंतागुंत झाली. या १६३ स्त्रिया निरोगी होत्या, हे वाक्य दोनदा वाचावे.

ब्रिटनमधला यूकेसीटीओसीएस हा अभ्यास अधिक चतुर होता. त्यात सीए-१२५ चा एकच आकडा न पाहता प्रत्येक स्त्रीच्या आकड्याची वर्षानुवर्षांची चाल पाहिली. दोन लाखांहून अधिक स्त्रिया आणि सोळा वर्षांहून जास्त पाठपुरावा. २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये अंतिम निकाल आला. या पद्धतीने पहिल्या टप्प्यातले रुग्ण ४७ टक्क्यांनी जास्त सापडले, चौथ्या टप्प्यातले २४ टक्क्यांनी कमी झाले. इथे कोणीही टाळी वाजवली असती. पण मृत्यू मोजले तेव्हा तपासलेल्या ५०,६२५ जणींत २९६ आणि न तपासलेल्या १,०१,३१४ जणींत ६१९, म्हणजे दोन्हीकडे सुमारे ०.६ टक्के. टप्पा बदलला, नशीब बदलले नाही. या रोगाचा सर्वांत घातक प्रकार बहुधा बीजवाहिनीच्या झालरीत सुरू होतो आणि गाठ डोळ्यांना दिसण्याआधीच त्याचे कण पोटात विखुरलेले असू शकतात. आपण ज्याला ‘लवकर’ म्हणतो ते त्याच्या दृष्टीने उशिराच असते.

रोग परतण्याच्या बाबतीतही तेच. गॉर्डन रस्टिन यांच्या नेतृत्वाखालील अभ्यासाचा निकाल २०१० मध्ये आला. उपचार पूर्ण होऊन बऱ्या झालेल्या, पण पुढे सीए-१२५ वाढू लागलेल्या ५२९ स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाला आकडा वाढताच केमोथेरपी दिली, दुसऱ्याला त्रास सुरू झाल्यावर. पहिल्या गटाचे औषध साधारण पावणेपाच महिने आधी सुरू झाले. आयुर्मान मात्र २५.७ आणि २७.१ महिने, म्हणजे फायदा नाहीच. ज्यांना आकडा सांगितला गेला त्यांचे बरे दिवस तेवढे कमी झाले. रोगाच्या वाटचालीची खूण म्हणून सीए-१२५ इथेही खरे बोलले होते. त्या खऱ्यावर करण्यासारखे हाती काही नव्हते.

वाढकारक द्रव्यांचे खरे मोल या कसोटीवर दुसरीकडे दिसते. व्हीईजीएफ ओळखीची खूण म्हणून कच्चे ठरले, पण त्याला अडवणारे बेव्हॅसिझुमॅब हे औषध कामी आले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात ते केमोथेरपीसोबत आणि नंतरही चालू ठेवल्यावर रोग पुन्हा बळावेपर्यंतचा काळ १०.३ महिन्यांवरून १४.१ महिन्यांवर गेला. एकूण आयुष्य सर्वांत मिळून वाढले नाही, हेही तिथेच लिहिले आहे. पण पोटातले पाणी कमी होणे आणि काही महिने निवांत मिळणे ही रुग्णाच्या हिशेबात लहान गोष्ट नसते. जे द्रव्य साक्षीदार म्हणून अविश्वसनीय होते, ते आरोपी म्हणून पकडण्याच्या लायकीचे निघाले.

हे सगळे मराठवाड्यात वाचताना

हा विषय मला परका वाटत नाही त्याचे कारण शेजारच्या जिल्ह्यात आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडून चौकशी करवली. सर्वेक्षण झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ‘पिशवी काढलेली’ होती. कामाचा खाडा, पाळीचा त्रास, उचल, स्वच्छतागृह नसणे अशी कारणे त्यामागे होती. त्यांच्या जोडीला एक वाक्य पुन्हा पुन्हा येत राहिले: काढली नाही तर कॅन्सर होईल. ऊस घनसावंगी तालुक्यातही आहे आणि ते वाक्य इकडच्या बायकांनाही पाठ आहे.

ज्या भागात नुसत्या शब्दाच्या भीतीने शस्त्रक्रिया होतात, तिथे छापील आकड्याने काय होईल याचा विचार करावा. पीएलसीओतल्या खोट्या घंटेनंतर तिथल्या स्त्रियांपुढे निदान तज्ज्ञांची फळी होती. इथे रिपोर्ट वाचणारा पहिला माणूस बहुधा मुलगा किंवा जावई असतो. ३५ च्या पुढे ४८ दिसले की तो फोन फिरवतो आणि आठवड्यात रान गहाण पडते.

त्यातच क्षयरोग. पोटाचा क्षय झाला की पोट फुगते, पाणी साचते, वजन उतरते आणि सीए-१२५ कित्येक पटींनी चढते. कर्करोग समजून पोट उघडले आणि क्षय निघाला, अशी प्रकरणे भारतातल्या रुग्णालयांनी वारंवार नोंदवली आहेत. क्षय गोळ्यांनी बरा होतो. तेव्हा आपल्या भागात चढलेला आकडा आणि फुगलेले पोट यांचा अर्थ लावताना पाण्याची आणि मांसाच्या तुकड्याची तपासणी होईपर्यंत ‘कॅन्सर’ हा शब्द उच्चारू नये, हा साधा नियम ठरतो.

आणि तपासण्या फोल असतात असा याचा अर्थ कोणी काढू नये, म्हणून याच मराठवाड्यातला दुसरा अभ्यास सांगितला पाहिजे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीचे नर्गिस दत्त कर्करुग्णालय, टाटा मेमोरियल आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. २००९ मध्ये निकाल आला. एचपीव्ही विषाणूची एकदाच तपासणी झालेल्या ३४,१२६ जणींत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू, तपासणी न झालेल्या ३१,४८८ जणींत ६४. न तपासलेल्या गटाबद्दल पुढे नैतिक आक्षेप घेतले गेले आणि ते विचारात घेण्यासारखे आहेत. पण शास्त्र स्पष्ट आहे. गर्भाशयमुखाचा रोग वर्षानुवर्षे पूर्वावस्थेत थांबतो, ती जागा डोळ्यांनी दिसते आणि तिथल्या तिथे उपचार करता येतो. बीजांडकोशाच्या बाबतीत यांतले काहीच नाही. एका अवयवाचे यश शेजारच्या अवयवाला उसने देता येत नाही.

बार्शीची आणखी एक गोष्ट मला यंत्रांइतकीच मोलाची वाटते. १९८७ मध्ये तिथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांत कार्यकर्ते नोंदी घ्यायला जात आणि जाता-जाता लक्षणांबद्दल बोलत. काही वर्षांत तिथल्या स्त्रिया गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी आधीच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या. कोणतीही नवी खूण मोजली गेली नव्हती. बायकांशी कोणीतरी नीट बोलले होते.

मग लिहायचे कसे?

आपल्याकडच्या आरोग्यविषयक लेखनात एक वाक्यरचना ठाण मांडून आहे: ही तपासणी कर्करोग ओळखते. वाक्याचा कर्ता तपासणी. खरे तर तपासणी एक द्रव्य मोजते. ओळखतो तो डॉक्टर. बाईचे वय, लक्षणे, सोनोग्राफी, घरातला इतिहास आणि तो आकडा एकत्र ठेवून. कर्ता बदलला की जबाबदारी बदलते. ‘ट्यूमर मार्कर’ला ‘कर्करोगाची रक्ततपासणी’ म्हणणे हे भाषांतर नाही, ती जाहिरात आहे. ‘गाठीची खूण’ म्हटले तरी पुरे, कारण खूण म्हटली की ती कोणी, कुठे, कशासाठी केली हे विचारायची मराठीला सवय आहे.

आणि जे सांगायला हवे ते सोपे आहे. आई, बहीण किंवा आजी यांना स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा कर्करोग झाला असेल तर तिची वाट वेगळी. तिने जनुकीय सल्ला घ्यावा. इतर निरोगी स्त्रियांनी हौसेने सीए-१२५ करून घेऊ नये. अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीचाही २०१८ चा सल्ला हाच आहे. पण पन्नाशीच्या आसपासच्या बाईचे पोट काही आठवडे रोज फुगत असेल, दोन घास खाल्ले की पोट भरत असेल, ओटीपोट दुखत असेल, लघवीला सारखे जावे लागत असेल, तर ते ‘गॅस’ म्हणून अंगावर काढू नये. जालन्याला किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करुग्णालयात दाखवावे. तिथे डॉक्टरांनी सीए-१२५ मागवले तर ते योग्यच आहे, कारण आता प्रश्न योग्य आहे. आकडा तोच असतो. निरोगी बाईच्या रिपोर्टात तो अफवा असतो, आजारी बाईच्या तपासणीत तो पुरावा होतो.

‘निदान’ या शब्दाला मराठीत ‘किमान’ असाही अर्थ आहे. रोगाचे निदान करणे डॉक्टरांचे काम. रिपोर्टवरच्या आकड्याला निदान एवढे तरी विचारावे, की तू कुणाच्या रक्तातून आलास आणि तू खरा असलास तर आम्ही पुढे काय करायचे. हे विचारायला पदवी लागत नाही.